जुने प्रोग्राम बंद पाडण्याआधी : ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या सर्व कंपन्या आणि मुक्त प्रकल्प

स. न. वि. वि.

नव्या कॉम्प्युटरवर जुना प्रोग्राम उघडायला गेलं की विंडोजवर निरोप येतो : हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही, तुमच्या पीसीसाठीची आवृत्ती हवी असेल तर सॉफ्टवेअरच्या प्रकाशकाकडे चौकशी करा. इतर सिस्टिमवर शब्द वेगळे असतात, अर्थ तोच. हा निरोप पाहून अडलेली माणसं माझ्याकडे येतात, कारण जुनी सॉफ्टवेअर नव्या यंत्रांवर चालती करून देणं हेच माझं काम आहे. बहुतेकांच्या बाबतीत चौकशी करायला प्रकाशक उरलेलाच नसतो. कंपनी बंद पडलेली असते, किंवा दुसऱ्या कंपनीनं ती विकत घेऊन तो प्रोग्राम गुंडाळून ठेवलेला असतो, किंवा तो एकट्यानं लिहिणारा माणूस आता हयात नसतो. मागे उरतं ते वापरणाऱ्याचं स्वतःचं काम. संगीतकाराच्या स्वरलिपी, प्रयोगशाळेतल्या मोजमापांच्या नोंदी, एखाद्या संस्थेचे जुने हिशेब, कुणाचं अर्धवट राहिलेलं लिखाण. फायली शाबूत असतात, त्या उघडणारा प्रोग्रामही शाबूत असतो. त्याला ज्याच्या आधारावर उभं राहायचं तो सिस्टिममधला थर तेवढा आपण काढून टाकलेला असतो.

जुनं सगळं जन्मभर सांभाळत बसा, असं मी म्हणत नाही. माझं मागणं एकच आहे : ज्या दिवशी तो थर काढाल, त्या दिवशी तो पुन्हा उभा करण्याची माहिती आणि साधनं आमच्या हवाली करा. आज आपण थर काढता आणि त्याबद्दलचं ज्ञानही कपाटात बंद करून टाकता.

प्रोग्राम जुना झाला म्हणून चालत नाही, असं आपल्या मदतकेंद्रांतून सर्रास सांगितलं जातं. प्रोग्राम झिजत नाही. १९९६ साली तयार झालेल्या फाइलमधला प्रत्येक बाइट आजही जसाच्या तसा असतो. त्याच्या भोवतालचं जग बदलतं, आणि ते कुणीतरी विचार करून, बैठका घेऊन बदललेलं असतं.

१६-बिट विंडोज प्रोग्रामचंच बघा, म्हणजे एका वेळी १६ बिटांचे आकडे हाताळणाऱ्या जुन्या काळातले प्रोग्राम. ६४-बिट विंडोजवर ते चालत नाहीत हे आता सगळ्यांनी गृहीत धरलंय, आणि कारण विचारलं तर 'प्रोसेसरच चालू देत नाही' असं उत्तर मिळतं. हे अर्धंच खरं आहे. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीनं ६४-बिट रचना आखताना लाँग मोडमधून, म्हणजे ६४-बिट चालण्याच्या रीतीतून, जुन्या ८०८६ प्रोसेसरसारखं वागण्याचा व्हर्च्युअल ८०८६ मोड वगळला, त्यामुळे विंडोजच्या आधीच्या डॉसचे प्रोग्राम थेट प्रोसेसरवर चालवण्याची जुनी सोय खरोखरच गेली. पण विंडोज ३.१साठी लिहिलेले प्रोग्राम प्रोटेक्टेड मोड या वेगळ्या रीतीत चालायचे, आणि १६-बिट प्रोटेक्टेड मोडचा कोड चालवण्याची क्षमता ६४-बिट प्रोसेसरमध्ये शिल्लक ठेवलेली होती. मायक्रोसॉफ्टनं जे कारण दिलं ते दुसरंच होतं : ६४-बिट विंडोजमध्ये हँडलचे, म्हणजे खिडकी-फाइल अशा गोष्टी ओळखायला सिस्टिम जो क्रमांक देते त्याचे, ३२ बिट अर्थपूर्ण असतात, ते १६-बिट प्रोग्रामकडे सोपवताना कापावे लागतात आणि माहिती गळते. अडचण खरी आहे. तरीही ६४-बिट लिनक्सवर वाइन हे विंडोजचे प्रोग्राम दुसऱ्या सिस्टिमवर चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर असे प्रोग्राम चालवतं, आणि ओटीव्हीडीएम नावाच्या एका छोट्या मुक्त प्रकल्पानं वाइनचाच कोड आधाराला घेऊन हे काम ६४-बिट विंडोजवरही करून दाखवलं. हातावर मोजता येतील एवढ्या लोकांनी, फावल्या वेळात. एवढ्या मोठ्या कंपनीला ते जमलं नसतं असं कोण म्हणेल? तिनं तो खर्च करायचा नाही असं ठरवलं. असं ठरवण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. मग तसं सरळ सांगावं, प्रोसेसरवर ढकलू नये. २०२१ साली आलेलं विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच आहे. विंडोज १०ची ३२-बिट आवृत्ती हा या प्रोग्रामचा शेवटचा अधिकृत आसरा होता, आणि त्या विंडोजचा सर्वसाधारण सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

ही झाली मोठी भिंत. माझे बहुतेक दिवस जातात ते लहान लहान अडथळ्यांत, आणि त्यांची कारणं वाचकांनाही कळावीत असं मला वाटतं, कारण 'जुनं म्हणजे बिघडलेलं' हा समज त्यांतूनच पसरतो.

नव्या डिस्कवर प्रचंड जागा मोकळी असताना जुना इन्स्टॉलर 'डिस्कवर जागा नाही' म्हणून अडून बसतो. त्यानं मोकळी जागा मोजायला अधिक-उणे चिन्ह असलेला ३२-बिटचा आकडा घेतलेला असतो. दोन गिगाबाइटच्या वर गेलं की तो आकडा उलटून ऋण होतो, आणि इन्स्टॉलरच्या दृष्टीनं आपली भलीमोठी डिस्क शून्याच्याही खाली जाते. मोकळी जागा तात्पुरती कमी करून दाखवली की तोच इन्स्टॉलर मुकाट्यानं काम करतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले डॉसचे प्रोग्राम असेच सुरू होता होता 'रनटाइम एरर २००' म्हणून कोसळतात. त्यांच्या लायब्ररीत थोडा वेळ थांबण्यासाठी एक मोजणी असते : ५५ मिलिसेकंदांत रिकामं चक्र किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि त्याला ५५नं भागायचं. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोसेसर इतके वेगवान झाले की भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावेना. प्रोग्राममधला हिशेब, पत्रकं, छपाई सगळं ठीक होतं, फक्त कॉम्प्युटर फार चपळ निघाला. त्यावर लोकांनी मोजके बाइट बदलणारी दुरुस्ती तयार केली आणि हजारो प्रोग्राम पुन्हा चालू लागले.

प्रोग्राम चालतो पण त्याची मदत उघडत नाही, हा प्रकार मला फार लागतो. जुनी मदतपुस्तिका एचएलपी फाइलमध्ये असायची. ती वाचणारा विनहेल्प हा प्रोग्राम विस्टापासून विंडोजमध्ये येणं बंद झालं. ८.१पर्यंत तो वेगळा उतरवून घेता यायचा, विंडोज १०साठी ती सोयही केली गेली नाही. ज्या प्रोग्रामचा कर्ता जगात नाही, त्याची शिकवण त्या एकाच फाइलमध्ये असते, आणि नेमकी तीच बंद राहते.

विस्टापासून आणखी एक गोष्ट बदलली. जुने प्रोग्राम आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्सच्या आत लिहायचे. सुरक्षेसाठी तिथं लिहिणं बंद केलं ते योग्यच केलं. जुना प्रोग्राम मोडू नये म्हणून विंडोज त्याचं लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये वळवतं. हा विचार खरंच चांगला होता, पण तो वापरणाऱ्याला कधी सांगितलाच गेला नाही. बॅकअप घेणारा माणूस प्रोग्रामचं मूळ फोल्डर उचलतो आणि समाधानानं जुना कॉम्प्युटर पुसून टाकतो. वर्षांची नोंद दुसऱ्याच ठिकाणी होती हे त्याला नव्या यंत्रावर कळतं. असे लोक माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांना द्यायला माझ्याकडे काही नसतं.

मी हे सगळं तक्रारीच्या सुरात लिहीत असलो, तरी आपल्यातल्या कित्येक इंजिनिअरांनी जुन्याची किती काळजी घेतली आहे हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मनात आदर आहे. विंडोज ९५ तयार होत असताना सिमसिटी हा खेळ त्यावर कोसळत होता. खेळातच चूक होती, परत करून टाकलेली मेमरी तो लगेच पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजवर हे खपून जायचं. खेळ बनवणाऱ्यांकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी त्या खेळाचा माग काढला आणि सिमसिटी चालू आहे असं दिसलं की मेमरी लगेच मोकळी न करणारी खास पद्धत विंडोजमध्येच घातली. विंडोज ९५ जुन्या प्रोग्रामना आपला क्रमांक ३.९५ सांगायचं, कारण अनेकांनी आवृत्तीची तुलना चुकीची लिहिली होती. विंडोज ७चा आतला क्रमांक ६.१ ठेवला गेला तो याच काळजीपोटी. विंडोजचा १९९०च्या काळातला फाइल मॅनेजर मायक्रोसॉफ्टनं २०१८मध्ये मुक्त लायसन्सखाली खुला केला, आणि किरकोळ बदलांनी तो आजच्या विंडोजवर मजेत चालतो. आयबीएमनं १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केली, त्या घराण्याच्या आजच्या मेनफ्रेमवर त्या काळच्या रचनेसाठी लिहिलेले प्रोग्राम अजूनही चालवता येतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, तो पहिल्यांदा लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचा दंडकच आहे की वापरणाऱ्याचा चालता प्रोग्राम कर्नलमधल्या बदलानं मोडता कामा नये. म्हणजे हे करता येतं. मनावर घेतलं की होतं.

आता सुरक्षेचा मुद्दा. माझ्या म्हणण्यावर आपल्याकडून पहिलं उत्तर हेच येतं, आणि ते हलक्यात घेण्यासारखं नाही. जुना कोड म्हणजे जुनी भोकं. २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी १ या फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून. त्याच वर्षी नव्या विंडोज १०मध्ये तो प्रोटोकॉल मुळातच बंद ठेवून द्यायला सुरुवात झाली, आणि ते बरोबरच झालं. जुन्या सीडीवरच्या खेळांचं सेफडिस्क हे संरक्षण कर्नलमध्ये एक ड्रायव्हर घुसवायचं. त्यात धोका निघाल्यावर २०१५मध्ये विंडोजनं तो चालू देणं बंद केलं. खेळ विकत घेतलेल्यांचं नुकसान झालं, तरी असा ड्रायव्हर कर्नलमध्ये राहू द्या असं मी कधीच म्हणणार नाही.

पण धोका निघाला की तोडून टाकणं हा एकच मार्ग असतो का? २०१४मध्ये ६४-बिट लिनक्सच्या बाबतीत काय घडलं ते मी प्रत्येक इंजिनिअरला सांगतो. १६-बिट स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची मेमरी) असलेल्या प्रोग्रामकडे कर्नल परत येताना प्रोसेसर ईएसपी रजिस्टरचे, म्हणजे स्टॅकचा पत्ता ठेवणाऱ्या आतल्या कप्प्याचे, वरचे १६ बिट तसेच सोडून देतो, आणि त्यातून कर्नलच्या स्टॅकच्या पत्त्याचा काही भाग बाहेर फुटतो, असं लक्षात आलं. कर्नलच्या लोकांनी आधी सोपा उपाय केला : ६४-बिट कर्नलवर १६-बिट सेगमेंट, म्हणजे अशा प्रोग्रामचे मेमरीचे तुकडे, बंदच. लगोलग वाइन वापरणाऱ्यांनी सांगितलं की आमचे विंडोजचे जुने प्रोग्राम यावर अवलंबून आहेत. मग कुणीही 'तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे' असं ऐकवलं नाही. गळती थांबवून १६-बिट सेगमेंट चालू ठेवणारी एस्पफिक्स६४ ही दुरुस्ती लिहिली गेली आणि ३.१६ या कर्नलमध्ये आली. ती दुरुस्ती किचकट होती, बंदी एका ओळीत झाली असती. त्या किचकट कामाचा फायदा घेणारे लोक मूठभर होते, त्यांनी त्यासाठी पैसे दिलेले नव्हते, आणि तरीही ते काम झालं.

ॲपलचा मार्ग वेगळा आहे, आणि तिथं काम सुंदर असतं म्हणूनच ते मोडलं की जास्त लागतं. १९९४मध्ये मोटोरोलाच्या ६८के प्रोसेसरवरून पॉवरपीसीवर जाताना जुने प्रोग्राम चालवणारा एम्युलेटर सिस्टिममध्येच होता. २००६मध्ये इंटेलवर जाताना रोझेटा आलं, वापरणाऱ्याला पत्ता न लागू देता पॉवरपीसीचे प्रोग्राम चालवणारं. २०११मध्ये लायन या मॅकच्या आवृत्तीबरोबर ते गेलं. त्याबरोबर ॲपलचं स्वतःचंच लेखन-हिशेबाचं ॲपलवर्क्स गेलं आणि त्यात लिहिलेले कागद एका अपडेटनं मुके झाले. आज ते उघडायचे झाले तर लिबरऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर बऱ्यापैकी मदत करतं, कारण कुणीतरी ती फाइल एकेक बाइट ताडून पाहिली. जिच्याकडे त्या फाइलचा पूर्ण आराखडा होता त्या कंपनीनं तो प्रसिद्ध केला असता, तर त्या माणसांचे किती कष्ट वाचले असते!

पुढं २०१९मध्ये मॅकओएस कॅटलिनानं सगळेच ३२-बिट प्रोग्राम बंद केले. सूचना आधी दिली होती हे मान्य. पण २०१८मध्ये पहिल्यांदा आलेल्या सूचनेचे शब्द असे होते की हे ॲप तुमच्या मॅकसाठी अनुकूल केलेलं नाही. हे वाचून कुणाला वाटेल की हा प्रोग्राम लवकरच उघडायचाच बंद होणार आहे? वाचणाऱ्याला वाटतं, थोडा हळू चालत असेल. कॅटलिना आल्यानंतर त्याच डिसेंबरमध्ये कोडवीव्हर्स या छोट्या कंपनीच्या क्रॉसओव्हरनं ३२-बिटचे विंडोज प्रोग्राम कॅटलिनावर चालवून दाखवले. मॅकवर विंडोजचे जुने प्रोग्राम चालू लागले आणि मॅकचे स्वतःचे जुने प्रोग्राम चालेनात, ही परिस्थिती त्या सिस्टिमवर प्रेम करणाऱ्यांनी कशी सोसली असेल, याचा आपण विचार करावा.

त्याच २०१९च्या जूनमध्ये उबुंटू या लिनक्सच्या प्रकारानंही ३२-बिटची पॅकेजेस पूर्ण बंद करण्याचं जाहीर केलं होतं. वाइनच्या लोकांनी अडचणी मांडल्या, स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं पुढच्या उबुंटूला साथ न देण्याचं बोलून दाखवलं, आणि काही दिवसांतच निर्णय बदलून गरजेची निवडक ३२-बिट पॅकेजेस ठेवण्याचं ठरलं. वापरणाऱ्यांचं ऐकून पाऊल मागं घेतलं यात उबुंटूची शोभाच झाली. मात्र एकट्या वापरकर्त्याच्या मागे व्हॉल्व्ह उभं नसतं, म्हणून हे पत्र.

'व्हर्च्युअल मशीन वापरा', म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर वापरा, हे आपलं दुसरं उत्तर. मीही तेच वापरतो, रोज. डॉसच्या प्रोग्रामसाठी डॉसबॉक्ससारखं साधन असल्यावर तक्रारीला जागाच उरत नाही. पण हा सल्ला देताना आपण काही गोष्टी बोलत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये घालायला जुनी सिस्टिम लागते, आणि तिचं लायसन्स आज कुठं मिळत नाही. जुनं मॅकओएस व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायची परवानगी ॲपलच्या लायसन्सनुसार ॲपलच्याच यंत्रावर असते. प्रयोगशाळेतलं मोजणीचं यंत्र असेल तर त्याच्या कार्डाचा ड्रायव्हर ३२-बिटचा असतो. तो ६४-बिट कर्नलमध्ये जात नाही, आणि व्हर्च्युअल मशीनच्या आतून त्या कार्डापर्यंत सहसा पोचता येत नाही. जुन्या पॅरलल पोर्टला लावायचं डाँगल, म्हणजे प्रोग्रामची किल्ली असलेलं छोटं उपकरण, असेल तर ते लावायला नव्या यंत्रावर जागाच नसते. म्हणून हजारो रसायनांची मोजमापं घेतलेलं, अजून अचूक चालणारं यंत्र एका जुन्या, नेटवर्कपासून तोडलेल्या कॉम्प्युटरच्या भरवशावर तग धरून असतं. त्याची हार्ड डिस्क गेली की तेही गेलं.

आपल्यापैकीच एकानं हे काम उत्तम करून दाखवलं होतं. विंडोज ७च्या प्रोफेशनल आणि त्यावरच्या आवृत्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं एक्सपी मोड फुकट दिला. संपूर्ण विंडोज एक्सपी, लायसन्ससकट, व्हर्च्युअल मशीनमध्ये तयार, आणि आतले प्रोग्राम बाहेरच्या स्टार्ट मेनूमध्ये दिसणारे. साध्या माणसाला व्हर्च्युअल मशीन हा शब्दही शिकावा लागत नव्हता. एक्सपीचा सपोर्ट २०१४मध्ये संपला आणि ती वाट पुढे कुणी रुंद केली नाही. इंटरनेट एक्सप्लोररच्या बाबतीत मात्र त्याच्या जागी आलेल्या एज ब्राउझरमध्ये जुनी पानं चालवणारा आयई मोड ठेवला आणि किमान २०२९पर्यंत तो राहील असं सांगितलं. मोठ्या कार्यालयांची आतली पानं त्यावर चालतात, म्हणून तारीखवार आश्वासन मिळालं. तसंच आश्वासन स्वरलिपी लिहिणाऱ्या एकट्या माणसालाही मिळायला हवं.

ॲक्टिव्हेशनबद्दल, म्हणजे प्रोग्राम खरा विकत घेतलेला आहे का हे कंपनीकडे तपासण्याबद्दल, थोडक्यात. प्रोग्राम चालतो, सिस्टिमही त्याला चालू देते, पण सुरू होताना तो ज्या सर्व्हरला विचारतो तो सर्व्हर बंद झालेला असतो. २०१३च्या सुमारास ॲडोबीनं फोटोशॉपसारख्या प्रोग्रामांच्या सीएस२ संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती आणि सीरियल क्रमांक ग्राहकांसाठी ठेवले होते. एवढं सोपं आहे ते. ऑपरेटिंग सिस्टिमलाही हेच लागू व्हावं.

आणि जुनी पूरक सॉफ्टवेअर कृपया काढून टाकू नका. ऑगस्ट २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या डाउनलोड केंद्रातून एसएचए-१ या जुन्या पद्धतीनं डिजिटल सही केलेल्या फायली हटवल्या. ती सही कमकुवत झाली होती हे खरं. पण नव्या सहीनं त्या पुन्हा ठेवता आल्या असत्या. ज्या ठेवल्या गेल्या नाहीत त्या आज इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी शोधाव्या लागतात. अधिकृत फाइल अनधिकृत जागेहून उतरवणं हे सुरक्षेच्या दृष्टीनं चांगलं की वाईट, हे आपणच ठरवा.

तर माझं मागणं काय आहे ते नीट मांडतो.

एखादा जुना थर काढायचा ठरला की त्याचा सोर्स कोड खुला करा. उत्पादन म्हणून त्याची किंमत त्या दिवशी संपलेली असते, लोकांसाठी तिथूनच सुरू होते. हे अशक्य नाही, मायक्रोसॉफ्टनं एमएस-डॉस ४.०चा कोड एप्रिल २०२४मध्ये एमआयटी लायसन्सखाली दिलाच की. पण मूळ डॉस ४ आलं १९८८ साली. एवढी वर्षं थांबलं तर तो संग्रहालयाचा ऐवज होतो, आज अडलेल्या माणसाच्या उपयोगी पडत नाही. कोड देता येणार नाही अशीही वेळ असते, हे मला माहीत आहे. पहिलं रोझेटा ट्रान्सिटिव्ह या कंपनीच्या तंत्रावर उभं होतं, दुसऱ्याचा कोड ॲपलनं कसा वाटावा? अशा वेळी वागणुकीचं तपशीलवार वर्णन द्या : कोणत्या कॉलला काय उत्तर मिळायचं, चुकीच्या मागणीवर काय व्हायचं, कोणत्या प्रोग्रामसाठी कोणती खास वाट ठेवली होती. सिमसिटीसारख्या शेकडो सवलती आपल्या कोडमध्ये आहेत. वाइनसारख्या प्रकल्पातले लोक त्या बाहेरून चाचपडत पुन्हा शोधतात. ती यादी आपल्याकडे तयार पडलेली आहे. ती द्यायला लायसन्सची अडचण नाही, खर्च नाही, आणि तिच्यात आता कुठलं व्यापारी गुपितही राहिलेलं नाही.

अपग्रेडचं बटण दाबण्याआधी या यंत्रावरचे कोणते प्रोग्राम उद्या उघडणार नाहीत त्यांची नावं पडद्यावर दाखवा. 'अनुकूल नाही' असं नको, 'उघडणार नाही' असं लिहा. त्यांच्या फायली कुठं आहेत तेही सांगा, व्हर्च्युअलस्टोअरमधल्यासुद्धा. आणि परत जुन्या आवृत्तीवर यायला महिना-दोन महिने तरी ठेवा. वर्षातून एकदाच लागणारा प्रोग्राम मोडलाय हे दहा दिवसांत कळत नाही.

बंद केलेल्या जुन्या सिस्टिम व्हर्च्युअल मशीनमध्ये, इंटरनेटशिवाय, कुठल्याही यंत्रावर चालवायला लायसन्सनं मोकळीक द्या. ज्या सिस्टिमची विक्री आपण स्वतः थांबवली आहे तिच्यातून आपला एक पैसाही बुडत नाही. ही एक ओळ लायसन्समध्ये आली तर माझं निम्मं काम सरळ होईल, आणि ग्रंथालयं, संग्रहालयं, प्रयोगशाळा यांना उघडपणे काम करता येईल.

जुने ड्रायव्हर कर्नलमध्ये घालू देऊ नका, पण ते लिहिताना यंत्राशी बोलण्याची जी रीत वापरली होती तिची कागदपत्रं मिळवून देण्यासाठी यंत्र बनवणाऱ्यांवर आपलं वजन वापरा. सहीसाठी ड्रायव्हर त्यांना आपल्याकडेच आणावा लागतो. तेव्हाच ही अट घालता येईल.

यातलं काहीतरी लगेच करून दाखवायची संधीही समोर आहे. इंटेलचे प्रोग्राम ॲपलच्या नव्या प्रोसेसरवर चालवणारं, २०२०मध्ये आलेलं रोझेटा २ सर्वसाधारण वापरासाठी मॅकओएस २७पर्यंतच राहील, त्यानंतर ज्यांची देखभाल कुणी करत नाही अशा जुन्या खेळांसाठी त्याचा काही भाग ठेवू, असं ॲपलनं २०२५मध्ये जाहीर केलं आहे. जो भाग खेळांसाठी ठेवताच आहात, त्यात देखभाल न होणारे इतर प्रोग्रामही घ्या. स्वरलिपीच्या, मोजमापांच्या, लेखनाच्या ज्या प्रोग्रामना आता कुणी वाली नाही, त्यांची गरज खेळांपेक्षा कमी नाही. आणि उरलेला भाग काढणारच असाल, तर त्याच्या वागणुकीचे कागद मॅकओएस २७ येईल त्याच दिवशी प्रसिद्ध करा, म्हणजे पुढची आवृत्ती येईपर्यंत बाहेरच्या लोकांना पर्याय उभा करायला वर्षभर मिळेल.

आपल्यापैकी कुणीही यावर उत्तर दिलं, नकार दिला तरी कारणासकट, तर ते मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला दाखवीन.

आपला,
जुनी सॉफ्टवेअर चालती ठेवणारा एक तंत्रज्ञ